सुकाणूं कां थरथरतें?

आजचा विषय ऐकून कित्येकांस हसूं येईल. ज्यानें सारें आयुष्य मुलांना इतिहास व अंकगणित शिकविण्यांत घालविलें, अशा एका निवृत्त शिक्षकानें जुन्या मोटारगाडीच्या सुकाणूविषयीं बोलावें, याला त्याचा अधिकार काय? अधिकार एवढाच, कीं या सुकाणूपायीं माझ्या हातून एका प्रामाणिक माणसावर अन्याय झाला, आणि तो कसा झाला हें समजून घेण्यासाठीं मला दोनशें वर्षांचा इतिहास चाळावा लागला. ती हकीकत व तो इतिहास हीं दोन्ही आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

गोष्ट १९९४ सालच्या पावसाळ्यानंतरची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. त्या वेळीं आमचा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. मनोरच्या पलीकडे डोंगरांतील एका निवासी शाळेंत मी शिक्षक होतों, व शाळा चालविणाऱ्या मंडळाचें लिहिण्याचें कामहि माझ्याकडेच असे. शाळेपाशीं एक जुनी गाडी होती. तिच्या चारी चाकांना जोर मिळे; पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती जागा आणि मागें उघडी पेटी. तिच्या कारखान्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष कारखान्याचा नव्हता. पालघरहून धान्य, बोईसरहून पत्रे व लोखंड, आणि उन्हाळ्यांत पाण्याचीं पिंपें ती वाहून आणी. चालक पन्नाशीचा व अबोल होता. मुलें त्याला गाडीकाका म्हणत.

दिवाळीच्या आधीं एके दिवशीं पालघरहून धान्य घेऊन येतांना, वाघोबा खिंड ओलांडून मासवणच्या बाजूस उतरत असतां गाडी एका खड्ड्यांतून गेली. त्यासरशीं पुढचीं दोन्ही चाकें अशीं थडथडूं लागलीं, कीं सुकाणूचें चक्र चालकाच्या हातांत राहीना. गाडी रस्ता सोडून कडेच्या चरांत कलंडली. पेटींतील पोत्यांवर शाळेचीं दोन मुलें बसलीं होतीं. दैव बलवत्तर म्हणून तीं खरचटण्यावर वांचलीं.

मंडळाची बैठक भरली. चालक म्हणाला, “गुरुजी, कोणीं तरी हातांतून चक्र हिसकून घ्यावें तसें झालें. तीन महिने मी सांगतों आहें, पुढें कांहीं तरी ढिलें आहे.” परंतु गाडी दोनदां दुरुस्तीस नेऊन आणलेली होती, आणि दुरुस्त करणारानें “आतां कांहीं दोष नाहीं” असें सांगितलें होतें. मग दोष कोणाचा? कोणी तरी म्हणालें, माणूस प्यालेला असेल. प्रत्यक्ष पाहिलें कोणींच नव्हतें. तरी ठराव झाला, व त्याला कामावरून दूर करण्याचें पत्र माझ्या अक्षरांत लिहिलें गेलें.

हा प्रसंग तूर्त येथेंच ठेवून आपण थोडें मागें जाऊं.

आपल्या बैलगाडीला सुकाणूं नसतें, हें कधीं आपल्या ध्यानांत आलें आहे काय? दोन चाकें व एक आंस, एवढाच तिचा संसार. बैल वळले कीं जूं वळतें, आणि जुवामागें सारी गाडी वळते. वळतांना आंतल्या चाकाला थोडें चालावें लागतें व बाहेरच्याला अधिक. परंतु दोन्ही चाकें आंसावर सुटीं फिरत असल्यामुळें त्यांच्यांत तंटा होत नाहीं. तंटा उत्पन्न झाला तो चार चाकांच्या गाडीपासून. युरोपांतील घोड्यांच्या चारचाकी गाड्यांत पुढचा सबंध आंस मध्यभागीं एका खुंटीवर बसवीत, आणि वळतांना तो चाकांसह फिरे. यांत अडचण अशी, कीं आंस फार वळला म्हणजे एक चाक गाडीच्या पोटाखालीं जाई, गाडीचा आधार अरुंद होई, आणि ती उलटण्याची भीति राही.

यावर तोड काढली ती म्यूनिक शहरांतील गेओर्ग लांकेनश्पेर्गर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें, इ. स. १८१७ च्या सुमारास. आंस जागच्या जागीं स्थिर ठेवावयाचा, आणि त्याच्या दोन टोकांना एकेक उभी खुंटी बसवून प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळवावयाचें, ही त्याची युक्ति. लंडनमध्यें रुडॉल्फ आकरमान यानें त्याच्या वतीनें १८१८ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि जगांत नांव राहिलें तें आकरमानचें. या रचनेचें तत्त्व भूमिति शिकलेल्या मुलालाहि समजेल. गाडी वळत असतां चारी चाकांनीं एकाच मध्यबिंदूभोंवतीं वर्तुळें काढलीं पाहिजेत, आणि तो बिंदु मागच्या आंसाच्या रेषेंत पडला पाहिजे. त्यासाठीं आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळावें लागतें. मोटारगाडी आली तेव्हां तिनें हीच रचना घेतली. खुंटीला मिस्त्री लोक किंग पिन म्हणतात, आणि दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला टाय-रॉड.

परंतु या युक्तीबरोबर एक नवा रोगहि आला. सबंध आंस वळत होता तोंवर चाकांना स्वतंत्रपणें डुलण्याची मोकळीक नव्हती. आतां प्रत्येक चाक आपल्या खुंटीवर डावीउजवीकडे हेलकावूं शकत होतें. १९२० नंतर रुंद व कमी हवेचे टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक प्रचारांत आले, तेव्हां हा रोग बळावला. त्या काळीं अमेरिकेंत ‘शिमी’ नांवाचा अंग थरथरविणारा नाच गाजत होता; गाडीच्या या थरथरीला लोकांनीं तेंच नांव दिलें. १९२५ सालीं फ्रान्समधील ब्रूलिए या अभियंत्यानें या थरथरीवर निबंध लिहिला, आणि रबरी टायर बाजूस कसा दबतो व त्यामुळें चाक आपल्या दिशेपासून कसें ढळतें, याचें विवेचन केलें.

याचें मर्म आपल्या भोंवऱ्यावरून कळेल. वेगानें फिरणारा भोंवरा एका बाजूस कलवूं लागलें तर तो भलत्याच दिशेस वळूं पाहतो. गाडीचें चाक हाहि एक मोठा भोंवराच. पुढचीं दोन्ही चाकें एकाच आंसावर असलीं आणि त्यांतील एक खड्ड्यांत गेलें, तर सबंध आंस कलतो. आंस कलला कीं फिरतीं चाकें आपोआप एका बाजूस वळूं पाहतात. वळलीं कीं रस्ता त्यांना उलट ढकलतो. आणि सांध्यांत कोठें ढिलाई असेल तर हा झोंका थांबण्याऐवजीं वाढत जातो. म्हणूनच १९३० नंतरच्या दशकांत प्रवासी मोटारींच्या कारखान्यांनीं पुढचा सलग आंस हळूहळू सोडून दिला, व प्रत्येक चाक स्वतंत्रपणें खालींवर होईल अशी योजना केली. ओझें वाहणाऱ्या व रानावनांतून जाणाऱ्या गाड्यांनीं मात्र मजबुतीसाठीं सलग आंसच ठेवला, आणि त्याबरोबर त्याचा रोगहि.

आतां चारी चाकांना जोर देण्याचा प्रश्न. मागचीं चाकें ढकलतात व पुढचीं वळतात, ही साधी कामाची वांटणी. परंतु चिखलांत किंवा वाळूंत पुढच्या चाकांनींहि ओढावें असें वाटल्यास त्यांना एकाच वेळीं फिरलेंहि पाहिजे आणि वळलेंहि पाहिजे. हॉलंडमधील स्पायकर कारखान्यानें १९०३ सालीं अशी एक मोटार बांधली. चाक वळलेलें असतांनाहि त्याला अखंड सारख्या गतीनें जोर पोंचविणारे सांधे पुढें निघाले. त्यांतील पोलादी गोळ्यांचा सांधा आल्फ्रेड झेपा याच्या नांवानें ओळखला जातो.

या साऱ्या शोधांचा संगम झाला तो जीपगाडींत. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या चारचाकी गाडीची मागणी १३५ कारखान्यांकडे केली, आणि नमुना तयार करण्यास दिले अवघे ४९ दिवस. बँटम नांवाच्या छोट्या कारखान्यानें, कार्ल प्रोब्स्ट याच्या आराखड्यावरून, २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी हजर केली. पुढें विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या.

या गाडीच्या पुढच्या चाकांची मांडणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण आमच्या शाळेच्या गाडीचा वंश हाच. आंसाच्या टोकाला एक पोकळ अर्धगोल असतो. त्याच्या आंत जोराचा सांधा फिरतो. अर्धगोलाच्या वर व खालीं एकेक बेअरिंग बसविलेलें असतें, आणि त्या दोन बेअरिंगांवर चाकाचें घर वळतें. घर व गोल यांच्या फटींतून पाणी आंत जाऊं नये म्हणून नमद्याची कडी असते. बेअरिंगें किती घट्ट बसावीं हें त्यांच्या झांकणाखालील पातळ पत्र्यांच्या, म्हणजे शिमांच्या, संख्येवर ठरतें. युद्धकाळच्या जीपमध्यें वळण्याचा कणा ३ अंश मागें झुकविलेला असे, म्हणजे वळणानंतर चाकें आपोआप सरळ येत. चाकाचा माथा दीड अंश बाहेर कलता असे. आणि दोन्ही चाकांचीं तोंडें इंचाच्या ३/६४ पासून ३/३२ पर्यंत आंत वळलेलीं असत. एवढ्याशा मापांवर गाडीचें सरळ चालणें अवलंबून असतें.

युद्ध संपल्यावर या गाड्या शेतीच्या व ओझ्याच्या कामाला लागल्या. १९४७ सालीं विलीजनें मागें पेटी असलेली एक टन ओझ्याची चारचाकी-जोराची गाडी काढली. आपल्याकडे १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी स्थापन झाली होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं पेढीचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. स्वातंत्र्याच्या सुमारास या पेढीनें मुंबईंत माझगांव येथें जीपगाड्यांची जुळणी हातीं घेतली; पुढें तिचा कारखाना कांदिवलीस झाला. कांदिवली आणि बोईसर हीं एकाच लोहमार्गावरील स्थानकें. डोंगरांतील वाडीवस्तीवर जाणारी गाडी कोणत्याहि कारखान्याची असो, लोक तिला ‘जीप’च म्हणूं लागले.

१९६४ सालीं तारापूर येथें देशांतील पहिल्या अणुवीजकेंद्राचें बांधकाम सुरू झालें, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथील वीज व्यापारी तत्त्वावर मिळूं लागली. त्या पांच वर्षांत या किनाऱ्यावर नाना तऱ्हेचीं यंत्रें आलीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांची दुरुस्ती जाणणारीं माणसेंहि घडलीं. पुढें बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हां त्यांपैकीं कित्येकांनीं तेथें आपलीं दुकानें थाटलीं. अशाच एका मिस्त्रीकडे मला जावें लागलें.

जाण्याचें कारण असें. आमच्या गाडीवर दुसरा चालक आला. तो माळकरी होता. पंधरा दिवसांच्या आंत, त्याच खिंडींत, त्याच खड्ड्यापाशीं चाकें तशींच थडथडलीं. गाडी रिकामी व वेग कमी होता, म्हणून निभावलें. त्याला प्यालेला म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी स्वतः गाडीबरोबर बोईसरला गेलों.

मिस्त्रीचें वय त्या वेळीं पन्नाशीच्या घरांत. तारापूरच्या बांधकामावरील गाड्यांच्या दुरुस्तीखान्यांत त्यानें उमेदवारी केलेली. त्यानें पान्याला हात लावण्यापूर्वीं अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. थरथर कोणत्या वेगाला येते? खड्ड्यानंतर येते कीं ब्रेक दाबल्यावर? चक्र जड झालें आहे काय? वळणानंतर आपण होऊन सरळ येतें काय? मग मला म्हणाला, “गुरुजी, सुकाणूचे आजार चार. थरथरणें, भरकटणें, एकीकडे ओढणें आणि जड होणें. चौघांचीं औषधें निराळीं. नांव चुकलें कीं औषध चुकतें.”

एकीकडे ओढत असेल तर आधीं दोन्ही टायरांची हवा पाहावी, एखादा ब्रेक धरून राहतो काय तें पाहावें, आणि पाट्यांचा मधला बोल्ट तुटून आंस तर सरकला नाहीं ना, हें पाहावें. भरकटत असेल तर कण्याचा मागचा झुकाव कमी झाला आहे, किंवा सांधे झिजले आहेत. जड असेल तर हवा कमी, ग्रीस आटलेलें, किंवा पेटी फाजील आवळलेली. चारी चाकांच्या जोराच्या गाडींत आणखी एक कारण असतें. चिखलासाठीं पुढचा जोर लावून चालकानें तो डांबरी रस्त्यावरहि तसाच ठेवला, तर वळतांना पुढचीं व मागचीं चाकें कमीअधिक अंतर चालूं पाहतात. मधला दांडा तें होऊं देत नाहीं, आणि चक्र दगडासारखें जड होतें. येथें गाडींत दोष नसतो. एक दांडी मागें ओढली कीं काम भागतें.

आमच्या गाडीचें चक्र जड होतें, वळणानंतर तें सरळ येत नव्हतें, आणि त्याला ढिलाई जवळजवळ नव्हती. मला वाटलें, हें चांगलें लक्षण. मिस्त्रीनें मान हलविली. मला चक्रापाशीं बसवून तें थोडें थोडें डावेंउजवें हालविण्यास सांगितलें, आणि स्वतः गाडीखालीं निजून एकेका सांध्यावर बोटें ठेवून पाहिलें. दांड्यांचे सांधे बरे होते. नंतर त्यानें पुढचा आंस जॅकवर उचलला, व उजवें चाक वर आणि खालीं धरून हालविलें. चाक खटखट वाजलें.

आतां ही खटखट चाकाच्या बेअरिंगाची, कीं खुंटीच्या बेअरिंगाची? हें ओळखण्याची त्याची रीत मला फार आवडली. त्यानें मला ब्रेक दाबून धरण्यास सांगितलें. ब्रेक दाबला कीं चाक आपल्या घराशीं बांधलें जातें. मग चाकाच्या बेअरिंगाची ढिलाई असेल तर खटखट बंद पडते, आणि खुंटीची असेल तर तशीच राहते. मीं ब्रेक दाबला. खटखट तशीच राहिली.

झांकण उघडल्यावर सारें कळलें. नमद्याची कडी फाटलेली. आंत खाजणांतील खारें पाणी व चिखल. बेअरिंगांवर गंज, आणि गंजाचे खळगे. आमच्या गाडीचा निम्मा प्रवास तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावरचा, आणि उरलेला पावसांतल्या ओढ्यांमधला. त्यामुळें हें होणें स्वाभाविक होतें. पूर्वींच्या दुरुस्त करणारानें हें झांकण उघडलेंच नव्हतें. त्यानें दोन्ही वेळां सुकाणूची पेटी तेवढी आवळली होती. या जातीच्या पेटींत सरळ चालीच्या जागीं मळसूत्र मुद्दाम घट्ट ठेवलेलें असतें, म्हणून तिचा स्क्रू चाकें सरळ ठेवूनच, आणि सर्वांत शेवटीं बसवावयाचा असतो. येथें तो भलत्याच स्थितींत आवळला होता. त्यामुळें पेटी मध्यभागीं अडकूं लागली, चक्र घट्ट लागूं लागलें, आणि सर्वांना वाटलें कीं दुरुस्ती झाली. रोग मात्र चाकापाशीं तसाच राहिला.

मिस्त्रीनें नवीं बेअरिंगें व नवी कडी बसविली. स्प्रिंगच्या कांट्यानें घर ओढून पाहत शिमा कमी करीत हवा तेवढा घट्टपणा आणला. पुढचे दोन विजोड टायर बदलून एका मापाचे केले. चाकांचीं तोंडें मोजलीं. आणि अखेरीस पेटीचा स्क्रू सैल करून पुन्हां बसविला. मग तो स्वतः गाडी घेऊन वाघोबा खिंडींत आला, आणि त्याच खड्ड्यांतून त्यानें ती दोनदां नेली. चक्र एकदां हाललें आणि स्थिर झालें.

मी गाडीकाकाच्या शोधांत निघालों. तो डहाणूकडे एका चिकूच्या वाडींत राखणीस राहिला होता. मीं त्याला सारें सांगितलें आणि क्षमा मागितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, पत्र तुमच्या अक्षरांत होतें. म्हणून जास्त लागलें.” त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

मंडळानें दुसरा ठराव केला, आणि त्यांत पहिला ठराव चुकीचा होता असें स्पष्ट लिहिलें. तो मीं मुलांसमक्ष वाचून दाखविला, कारण पहिल्याची बातमीहि मुलांपर्यंत गेली होती. गाडीकाका परत आला, व थकेपर्यंत गाडी चालवीत राहिला. मात्र त्यानें पुन्हां कधीं मुलांना पेटींत बसूं दिलें नाहीं.

श्रोतेहो, पुष्कळ नव्या गाड्यांचें चक्र आतां तेलाच्या दाबानें वा विजेनें हलकें होतें, आणि यंत्रच दोषाचा पत्ता सांगतें. परंतु सलग आंसाच्या जुन्या गाड्या आपल्या डोंगरांतून अजून धावत आहेत. आपल्यापैकीं कोणाच्या दारीं ती असेल, तर मिस्त्रीनें सांगितलेला क्रम ध्यानांत ठेवावा: प्रथम चालकाला विचारावें; मग हवा व टायर; मग चाकाचें बेअरिंग; मग खुंटी; मग दांडे; मग पाटे व त्यांचे बोल्ट; आणि पेटीला हात सर्वांत शेवटीं. आम्हीं हा क्रम उलटा धरला. पेटी पहिल्यानें आवळली, आणि ज्याच्या हातांत चक्र होतें त्याला मात्र शेवटपर्यंत विचारलें नाहीं.